ईश्वरीला माझ्याकडं पाठवू नकोस

॥ श्री महादेव ॥

दिंद्रुड, ता. माजलगाव
२ मे २०२५

चि. सौ. वर्षाराणी हिस,
शिवकांताचा आशीर्वाद आणि शरणार्थ.

इकडं सगळं ठीक. ऊन म्हणशील तर भट्टी लागलीय. दुकानातल्या पितळी घागरीला दुपारी हात लावता येत नाही. यांची शुगर वरखाली होते, पण पथ्याचं नाव काढलं की म्हणतात, "तू काय डाक्टर हाय का?" आईची कंबर आता कशी आहे? संगमेश्वरला म्हणावं, बहिणीचा फोन कधीतरी उचलत जा.

तुझा मेसेज मिळाला. तीनदा ऐकला. ईश्वरी सहा वर्षांची झाली तरी तिला अजून अक्षर लागत नाही, वर्गात पंचेचाळीस लेकरं, शिकवणीला घातलं तर तिथंही वीस. "आक्का, दाक्षायणीला तुम्ही एकटीला घेऊन बसलात म्हणून ती वाचायला लागली. हिलाही वर्षभर ठेवून घ्या," असं म्हणालीस आणि शेवटी जराशी हसलीस. तुला हसताना ऐकून किती दिवस झाले होते.

तू म्हणतेस त्यात खोटं काही नाही. एका लेकराला एक माणूस मिळालं की काय होतं, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

दाक्षायणी आली तेव्हा तिलाही सहावंच होतं. कोरोनाची दुसरी लाट, तुझी त्या वॉर्डात ड्यूटी, तू घरात असून वेगळ्या खोलीत. संगमेश्वरनं पोरगी आणून दारात उतरवली, गाडी बंदसुद्धा केली नाही. शाळा मोबाइलवर. चौकोनाचौकोनांत चाळीस तोंडं, बाई बोलायच्या आणि ही पडद्याला हात जोडून बसायची. पहिलीचं वर्ष तसंच गेलेलं. तिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं.

मला डी.एड. होऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. भरतीची जाहिरात निघेल, निघेल म्हणता माझं वयच निघून गेलं. सर्टिफिकेट ट्रंकेत, मी दुकानात. आंदणाच्या ताटवाट्यांवर नावं कोरायची मशीन तेवढी माझ्या हाती असायची. दिवसभर दुसऱ्यांच्या लग्नाची नावं कोरायची.

तर मी पहिला आठवडा पुस्तक उघडलंच नाही. तिला दुकानात घेऊन बसले. ताटावर 'गीताबाई' लिहिलं की ती बोट फिरवायची. कोरलेलं अक्षर बोटाला लागतं ना. 'ग' तिला असा बोटानं कळला, डोळ्यानं नंतर. 'ळ'पाशी चार दिवस अडली. शाळेतल्या बाईंना पुढच्या पानावर जायचं असतं, त्यांचा काय दोष. मला कुठं जायचं होतं? ती चार दिवस 'ळ'वर बसली, मीही बसले. पाचव्या दिवशी मशीनला हात लावून तिनं स्वतः एका वाटीवर 'बाळ' कोरलं. वाकडं. वाटी वाया गेली म्हणून हे ओरडले. मी ती वाटी अजून विकलेली नाही.

दिवाळीपर्यंत ती पेपरातला मथळा वाचायला लागली. कुठं चुकते, कुठं दमते, कुठं नुसती मान हलवते, हे मला तिच्या श्वासावरून कळायचं. पंचेचाळिसांत ते कुणाला कळणार?

पण ईश्वरीला पाठवू नकोस. माझे गुडघे गेलेत, मांडी घालून बसवत नाही. दुकान यांना एकट्याला होत नाही. पाण्याचीही बोंब आहे. आणि माझा स्वभाव आता पहिल्यासारखा राहिला नाही, चिडते. बीडमध्ये एखादी चांगली बाई बघ, घरी येऊन एकटीला शिकवणारी.

त्या दिवाळीनंतर महाशिवरात्रीला तू दाक्षायणीला घेऊन गेलीस, पुढं दवाखाना, ऑपरेशन. ते काढत नाही. तिला माझा गोड पापा.

तुझी,
शिवकांताआक्का

॥ श्री महादेव ॥

दिंद्रुड
२१ मे २०२५

वर्षा,

परवा तू फोनवर म्हणालीस, "गुडघे दुखतात तर खुर्चीवर बसून शिकवा. आक्का, खरं सांगा, माझी लेकरं आता तुम्हालाही नको झाली का? मी आई म्हणून नालायक, हे तर घरात ठरलेलंच हाय." मी फोन ठेवून दिला. लाइट गेली असा नंतर मेसेज केला. लाइट गेली नव्हती.

फोनवर हे सांगता आलं नसतं. तू मध्येच काही बोलली असतीस, आणि मी तेवढं निमित्त धरून थांबले असते. म्हणून पत्र. शेवटपर्यंत वाच.

मला माहीत होतं.

दाक्षायणीच्या डाव्या कानाचं मला माहीत होतं. तुला कळलं मार्चमध्ये. मला त्याआधीच्या ऑगस्टमध्ये कळलं होतं. नागपंचमीच्या आठवड्यात.

ती 'आम्ही'ला 'आमी' लिहायची, 'खारीक'ला 'कारीक'. मी म्हटलं, आपलं गावच असं बोलतं, लेकरू काय करणार. मग एक दिवस मी तिच्या डाव्या अंगाला बसून शब्द सांगत होते आणि ती सारखी वळून माझ्या तोंडाकडं बघत होती. मी तोंडापुढं पाटी धरली आणि हळू म्हटलं, "घागर." ती नुसती बघत राहिली. उजवीकडं जाऊन तसंच म्हटलं, तिनं लगेच लिहिलं. तीन दिवस मी हाच खेळ करून पाहिला. तिला गंमत वाटत होती.

चाळीस लेकरांच्या वर्गात हे दहा वर्षं कुणाला कळलं नसतं. मला दोन महिन्यांत कळलं. त्या दिवशी मला आधी काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. मला शिकवता येतं, मी खरी मास्तरीण आहे, असं वाटलं.

मी तुला फोन लावायला घेतला होता. तुझा नंबर काढला आणि मनात आलं, ही नर्स आहे, ऐकताक्षणी येईल आणि पोरीला घेऊन जाईल. मग दवाखाने, मग बीड, मग परत कशाला पाठवतील? मी फोन बाजूला ठेवला. म्हटलं, दवाखान्यांत कोरोना आहे, लेकराला कुठं न्यायचं. हे कारण चांगलं होतं. पोळ्यापर्यंत पुरलं. दसऱ्यापर्यंत कोरोनाही ओसरला आणि कारण संपलं, तरी मी बोलले नाही.

त्याऐवजी मी काय केलं ते ऐक. मी कायम तिच्या उजवीकडं बसायला लागले. तोंड तिच्याकडं करून, ओठ स्पष्ट हलवून बोलायचे. जोडाक्षर आलं की तिच्या तळहातावर काढायचे. ओठ कसे वाचायचे, ऐकू आलं नाही तर माणसाच्या उजव्या अंगाला कसं सरकायचं, हे सगळं मी तिला खेळ म्हणून शिकवलं, आणि ती हुशार पोरगी शिकली. इतकी छान शिकली की दिवाळीला तुम्ही आलात तेव्हा तुम्हा दोघांनाही काही कळलं नाही. सगळे म्हणाले, आक्कानं पोरीचं सोनं केलं. वर्षा, तू माझ्या शिकवण्याचं अजून कौतुक करतेस. मी तिला वाचायला शिकवलं हे खरं. तिचा कान जातोय हे झाकायलाही मीच शिकवलं.

दसऱ्यानंतर कानातून पाणी येऊ लागलं. वास यायचा. शेजारच्या भिवराबाई म्हणाल्या, लसणाचं तेल कोमट करून घाल. मी घातलं. तू डोक्याला हात लावशील, पण घातलं. दिवाळीला तुम्ही येणार म्हणून वेण्या कानावरून खाली आणून घातल्या आणि कानात अत्तराचा फाया ठेवला. संगमेश्वर हसून म्हणाला होता, "काय बे, नवाबाची बेटी झाली का!" तूही हसलीस. मी चहा ठेवायला आत गेले.

एकदा मी तिला माजलगावला घेऊन गेले होते, हेही तुला माहीत नाही. नोव्हेंबरच्या शेवटी. घरी सांगितलं, वह्या आणायला जाते. कानाच्या डॉक्टरांच्या बाकावर आम्ही अर्धा तास बसलो. आमचा नंबर आला. कंपाउंडर म्हणाला, "तुमीच आई का?"

मी म्हटलं, "आत्या."

"मंग आई-बापाचा मोबाइल नंबर सांगा. तपासणी करायची त त्यांना विचारावं लागतं."

मला तुमचा नंबर तोंडपाठ होता. मी म्हटलं, "घेऊन येते." आणि तिचा हात धरून बाहेर आले. ती रसवंतीत उसाचा रस पीत होती, म्हणाली, "आत्या, आपण कावून आलतो?" मी म्हटलं, "वह्या घ्यायला." तिनं चार वह्या निवडल्या. सगळ्यांवर फुलपाखरं.

एवढं सगळं कशासाठी, असं तू विचारशील. सकाळी आठ वाजता ती पाटी घेऊन म्हणायची, "टीचर, आज काय?" दुसऱ्या कुणीही मला त्या नावानं हाक मारलेली नाही. बिनमुलाच्या बाईला गाव ज्या हाका मारतं त्या तुला माहीत आहेत. मला ती आणखी एक महिना हवी होती. मग आणखी एक. हेच कारण. यापेक्षा चांगलं कारण मी चार वर्षं शोधलं. नाही सापडलं.

महाशिवरात्रीला तू आलीस, तिची वेणी सोडलीस आणि वासानं थबकलीस. तिला त्या दिवशी गरगरत होतं. तू तिथंच माझ्याकडं वळून विचारलंस, "आक्का, तुमच्या कधी लक्षात आलं का?"

आणि मी म्हणाले, "न्हाई गं. मला काय कळतंय त्यातलं."

संभाजीनगरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, कानातलं हाड कुजलंय, पाच-सहा महिने आधी आणली असती तर ऐकणं वाचवता आलं असतं. मी भिंतीला टेकून उभी होते. संगमेश्वर तुझ्यावर ओरडला, "नर्स हाय म्हणून मिरवती! दुसऱ्याच्या लेकरांचे ताप मोजले, पोटच्या पोरीचा कान दिसला न्हाई!" आई म्हणाली, "आईचंच लक्ष न्हाई, त लोकांनी किती बघावं." 'लोकांनी' म्हणताना तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

पोरगी वर्षभर माझ्या घरात होती, तरी मला कुणी काही विचारलं नाही. हिला लेकरू नाही, हिला काय कळणार, असं सगळ्यांनी धरलं. जन्मभर ज्या शब्दानं मला टोचलं गेलं, त्या दिवशी मी त्याच शब्दाआड लपले.

पुढच्या महिन्यात तू नोकरी सोडलीस. संगमेश्वरनं मला फोनवर सांगितलं, "बसवली घरी." मी "बरं केलं" म्हणाले. हेही मी म्हणाले.

म्हणून ईश्वरीला पाठवू नकोस. ते गुडघ्याबिडघ्याचं सगळं खोटं होतं. मी अजून तासन्‌तास मांडी घालून बसू शकते. लेकरू शिकवायला घेतलं की मला सगळं दिसतं, पण दिसलेलं मी सांगेन याचा भरवसा मला स्वतःलाच नाही.

तूच बस तिच्याजवळ. रोज अर्धा तास पुष्कळ होतो. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव. अडेल तिथं थांब, पुढं ओढू नकोस. चुकली तर लगेच बरोबर करून देऊ नकोस, का चुकली ते आधी बघ. बाकी तुला कळेल.

हे पत्र संगमेश्वरला वाचून दाखव. आईलाही. मी यांना आज सांगितलं. यांनी दुकान लवकर बंद केलं.

शिवकांता

दिंद्रुड
६ जुलै २०२५

सौ. वर्षाराणीस नमस्कार.

आशीर्वाद लिहायला हात धजला नाही.

तुझं उत्तर नाही, ते बरोबरच आहे. मीही लिहिणार नव्हते, पण मागच्या पत्रानंतर इकडं जे झालं ते तुला दुसऱ्यांकडून अर्धंमुर्धं कळू नये.

संगमेश्वर येऊन गेला. या खेपेला गाडी बंद केली. उभ्याउभ्याच बोलला. "कसाई तरी बरा, आक्का," म्हणाला. मी मान खाली घातली. मग त्याचा आवाज फुटला, म्हणाला, "मी तिला काय काय बोललो तीन वर्षं." मी म्हटलं, "ते तू बोललास. मी गप बसले म्हणून बोललास, पण बोललास तूच. त्याची माफी तिच्याकडं माग, माझ्या दारात रडू नको." तो पाणीही न घेता गेला. त्यानं तुझ्याकडं माफी मागितली का, मला माहीत नाही. मागितली असेल असं वाटत नाही. आपल्याकडचे पुरुष अशा वेळी गाडी धुवायला काढतात.

आईचा फोन आला होता. मला वाटलं, आता शिव्याशाप देईल. तर म्हणाली, "जाऊ दे माय, झालं ते झालं. तू काय वाईटासाठी केलं का? पोरगी वाचायला त शिकली." ऐकलंस? सुनेला तीन वर्षं बोल, आणि लेकीला एका वाक्यात मोकळीक. मी म्हणाले, "आई, जे वर्षाला बोललीस तेच मला बोल. एक शब्द कमी करू नको." तिनं फोन कट केला. तेव्हापासून मी तिला लावलेला नाही.

आणि दाक्षायणी. तिनं तुझ्या मोबाइलवरून फोन केला होता, तुला सांगितलं की नाही कोण जाणे. दहा वर्षांची पोरगी, आवाज किती मोठा झाला. म्हणाली, "आत्या, तुला माहीत होतं?"

"होतं."

ती म्हणाली, "तू माझ्या उजवीकडं बसायचीस. मला वाटायचं, तुला तिथं बसायला आवडतं."

आजवर तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही असं झालं नव्हतं. ती म्हणाली, "मी ठेवते," आणि ठेवला. रागानं नाही. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

दुकानात बीडहून माल घेऊन पंडित येतो, तो सांगत होता की तू पुन्हा नर्सची नोकरी बघतेस, एका दवाखान्यात बोलणंही झालंय. घरात विरोध असेल तरी जा. ईश्वरीला तू रोज संध्याकाळी घेऊन बसतेस असंही तो म्हणाला. ती वाचायला लागली की नाही, ते मला कळवू नकोस. तेवढा आनंद मला मिळू नये.

माझ्याकडं गल्लीतल्या दोघी आपल्या पोरींना घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "आक्का, एकेकटीला बसवून शिकवा ना, तुमची भाची कशी तयार झाली." मी त्यांना नाही म्हटलं. का, तेही सांगितलं. आता कुणी येत नाही.

हे पत्र फाडून टाकलंस तरी चालेल. मागचं मात्र जपून ठेव. घरात पुन्हा कुणी तुझ्याकडं बोट केलं, संगमेश्वर असो, आई असो, उद्या दाक्षायणीचं लग्न ठरवताना व्याही असोत, त्यांच्यापुढं ते धर. त्यावर तारीख आहे आणि माझी सही आहे.

शिवकांता